एलिझाबेथची बेथ, ज्ञानदाची न्याना: इंग्रजी मुलखात बायकांची छोटी नावं कशी ओळखावीत, कशी घ्यावीत

इंग्लंडला आल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती एका जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी बाई काउंटरपाशी आल्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, ‘पेगी’, आणि पुढे आडनाव. मी कॉम्प्युटरवर शोधलं. त्या आडनावाच्या चार बायका निघाल्या, पण पेगी एकही नाही. ‘तुमची नोंद इथे नाही,’ असं मी त्यांना सांगून टाकलं. चाळीस वर्षं त्याच दवाखान्यात येणाऱ्या बाईंचा चेहरा एकदम उतरला. शेजारच्या सहकारिणीनं पुढे होऊन ‘मार्गारेट’ हे नाव उघडलं, तेव्हा कुठे काम झालं. मार्गारेटला पेगी म्हणतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली. दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, शेजारीपाजारी जे नाव कानावर पडेल ते त्यात लिहीत गेले. हा लेख त्या वहीतून आला आहे. तुम्ही नुकतेच ब्रिटन, अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात आला असाल, किंवा पुण्यात बसून रोज परदेशी क्लायंटशी बोलत असाल, तर माझी झाली तशी फजिती तुमची होऊ नये आणि तुमच्यामुळे कुणी बाई दुखावली जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

हाताशी या गोष्टी ठेवा:
- पासपोर्ट आणि व्हिसा. त्यावरच्या नावाचं रोमन स्पेलिंग अक्षर न् अक्षर पाहून घ्या.
- तुमचं नाव कुठे कुठे नोंदलं आहे त्याची यादी: बँक, पगाराची नोंद, डॉक्टर, मुलांची शाळा, घराचा भाडेकरार.
- एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद. डावीकडे कागदावरचं नाव, उजवीकडे हाकेचं.

१. कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं धरायला शिका

आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं, घरचं तिसरं असतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं चौथंही लिहिलं जाई. त्यामुळे एका बाईला अनेक नावं असणं आपल्याला नवं नाही. पण आपलं घरचं नाव घरातच राहतं. बँकेतली मॅनेजर बाई स्वतःची ओळख ‘मी बेबी’ अशी करून देत नाही. इंग्रजीत छोटं नाव उंबरठा ओलांडून ऑफिसात, दुकानात, निवडणुकीच्या पत्रकावरही जातं. मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना वर्तमानपत्रं सर्रास ‘मॅगी’ छापत. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या पत्नी बेस आणि जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी, दोघींचंही मूळ नाव एलिझाबेथ. नॅन्सी रेगन यांचं जन्मनाव अ‍ॅन.

म्हणून कुणी नाव सांगितलं की ते कागदावरचं आहे असं गृहीत धरू नका. काम कागदाचं असेल, तर ‘रेकॉर्डवर हेच नाव आहे का?’ असं विचारा. हा प्रश्न इथे कुणालाही खटकत नाही.

२. नाव कसं लहान होतं, ते कानानं शिका

नुसती यादी पाठ करून भागत नाही, कारण एकट्या एलिझाबेथची डझनभर रूपं आहेत: लिझ, लिझी, लिबी, बेथ, बेटी, बेट्सी, बेस, एल्सी, एलायझा. पण त्यामागच्या चालीरीती कळल्या की न ऐकलेलं नावही ओळखता येतं.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे पुढचा तुकडा ठेवायचा. सुझनची सू, जेसिकाची जेस, रिबेकाची बेका किंवा बेकी (इथे आघात मधल्या तुकड्यावर म्हणून मधलाच राहिला), पॅट्रिशियाची पॅट. कधी शेपूट राहतं: क्रिस्टिनाची टीना, अ‍ॅबिगेलची गेल, अलेक्झांड्राची सँड्रा. नावाचा उच्चार करताना जोर कुठे पडतो ते ऐका. बहुधा तोच तुकडा जगतो.

दुसरी रीत बोबड्या बोलांची. आपली लहान मुलं ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणतात ना, तसाच इंग्रजीत ‘र’ जाऊन ‘ल’ आला. मेरीची मॉली झाली, साराची सॅली, डॉरथीची डॉली. तसंच ‘थ’ जाऊन ‘ट’ आला: डॉरथीची डॉट, एलिझाबेथची बेटी. हे नियम फार जुने आहेत आणि अजून टिकून आहेत.

तिसरी रीत यमकाची, आणि नवख्याला चकवते ती हीच. पूर्वी इंग्लंडमध्ये नावं मोजकी होती. गावात दहा मेरी, आठ मार्गारेट. मग वेगळेपणासाठी पहिलं व्यंजन बदलून यमक जुळवायचे. मार्गारेटची मेग, मेगची पेग, पेगची पेगी. मेरीची मॉली, मॉलीची पॉली. मार्थाची मॅटी, मॅटीची पॅटी आणि पॅट्सी. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दोन मुली घरात पॅट्सी आणि पॉली होत्या. कागदावर त्या मार्था आणि मेरी. पेगीबाईंचं कोडं मला इथे सुटलं, आणि खरं सांगते, सुटल्यावर त्या नावाबद्दल माया वाटायला लागली.

चौथी रीत ‘न’ची. जुन्या इंग्रजीत ‘माझी’ या अर्थी स्वरापुढे ‘माइन’ म्हणत. ‘माइन एल’ म्हणता म्हणता त्यातला ‘न’ पुढच्या नावाला चिकटला आणि एलेन-एलेनॉरची नेल झाली, नेली झाली. अ‍ॅनची नॅन अशीच. म्हणजे नेल या नावाच्या पोटात ‘माझी’ हा शब्द दडलेला आहे.

शिवाय काही नावं अर्थावरून फिरतात. मार्गारेटचं फ्रेंच रूप मार्गरीत, आणि फ्रेंचमध्ये मार्गरीत हे डेझीसारख्या एका फुलाचंही नाव आहे. म्हणून मार्गारेटला डेझी म्हणतात. राणी व्हिक्टोरियाची नात आणि पुढे स्वीडनच्या राजघराण्यात गेलेली मार्गारेट ऑफ कॉनॉट घरात डेझी होती. स्कॉटलंडमध्ये जॅनेटला जेसी आणि मार्गारेटला मेझी म्हणण्याची रीत आहे. ऑस्ट्रेलियात शॅरनची शॅझा आणि कॅरनची कॅझा होते. तिकडे जाणार असाल तर ‘झा’ची सवय करून घ्या.

वहीतली पहिली पंधरा नावं इथे देते. एवढी आली की महिन्याभराचं काम भागतं:
- मार्गारेट: मॅगी, मेग, पेगी, मार्ज, डेझी, ग्रेटा
- कॅथरीन: केट, केटी, कॅथी, किटी, के
- मेरी: मॉली, पॉली
- एलेनॉर: एली, नेल, नोरा
- डॉरथी: डॉट, डॉली, डोरा
- सारा: सॅली, सेडी
- व्हिक्टोरिया: व्हिकी, टोरी
- डेबोरा: डेब, डेबी
- जेनिफर: जेन, जेनी
- पॅट्रिशिया: पॅट, पॅटी, ट्रिश
- टेरेसा: टेस, टेरी
- हॅरिएट: हॅटी
- मटिल्डा: टिली
- फिलिपा: पिपा
- जोसेफीन: जो, जोसी

३. समोरचीनं जे रूप दिलं, तेवढंच वापरा

माझ्या मते सगळ्या लेखात हीच पायरी महत्त्वाची. यादी पाठ झाली की हात शिवशिवतात. एलिझाबेथ दिसली की ‘लिझ’ म्हणावंसं वाटतं, जवळीक दाखवावीशी वाटते. तसं करू नका. लिझ म्हणवून घेणारी बाई बेटीला ओ देणार नाही, आणि काही एलिझाबेथ जन्मभर पूर्ण एलिझाबेथच राहतात. कुठलं रूप घ्यायचं ते बाईनं स्वतः ठरवलेलं असतं.

ते ओळखायचं कसं? ईमेलच्या तळाशी तिनं सही काय केली आहे ते पाहा. वर पत्त्यात कॅथरीन आणि खाली सही ‘केट’ असेल, तर उत्तर केटला लिहा. सही कॅथरीनच असेल तर कॅथरीन. फोनवर ती ‘हॅलो, जेन बोलतेय’ म्हणाली तर जेन. काहीच सुगावा लागला नाही तर सरळ विचारा: ‘तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?’ या प्रश्नानं माझं कधीच नुकसान झालेलं नाही.

आणखी एक. तिचा नवरा किंवा आई तिला ‘लिझी’ म्हणताना ऐकलं म्हणून आपण म्हणू नये. घरात वापरायची रूपं वेगळी असतात. राणी एलिझाबेथ दुसरी हिला लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येत नव्हतं, त्यातून ‘लिलिबेट’ झालं आणि ते जन्मभर अगदी जवळच्यांपुरतंच राहिलं. गंमत पाहा, २०२१ मध्ये जन्मलेल्या तिच्या पणतीचं कागदावरचं नावच लिलिबेट ठेवलं गेलं. त्यामुळे मॉली, केट, सॅली, नॅन्सी दिसलं की ‘मूळ नाव काय?’ असं विचारत बसू नका. मूळ नाव तेच असू शकतं. फॉर्म भरताना जेनीला स्वतःच्या मनानं जेनिफर करणं ही माझ्या हातून दोनदा झालेली चूक.

४. ‘ई’ ऐकून फसू नका

इथे मराठी कान आड येतो. आपल्याकडे शकू, इंदू, मालू, सुलू यात माया आहे. तेच ‘ई’ लावून सुमी, गंगी, रखमी म्हटलं की अरे-तुरेपणा येतो, कधी तुच्छताही. त्यामुळे पन्नाशीच्या वरिष्ठ बाईला ‘डेबी’ म्हणताना माझी जीभ अडखळायची. वाटायचं, आपण तिला हलकं लेखतोय. इंग्रजीत तसं नाही. तिथे ‘ई’ हाच मायेचा स्वर.

मात्र त्या ‘ई’ला वयाचा वास असतो. लहानपणीची केटी कॉलेजात केट होते, सुझी नोकरीत सू होते. आईनं मात्र चिडून ‘कॅथरीन!’ अशी पूर्ण हाक मारली की समजावं, आत काहीतरी सांडलंय. आपल्याकडे रागावल्यावर नाव आखडतं, तिकडे लांबतं.

आणि ताई, मॅडम, बाई हे नावापुढे जोडू नका. आदर वाटतोय तो आवाजातून आणि ‘प्लीज’मधून पोचतो. शाळेत मुलं शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात, ते मुलांपुरतं.

५. खड्डे कुठे आहेत

फ्रान्सिस नावाच्या बाईला स्वतः होऊन ‘फॅनी’ म्हणू नका. जुन्या काळी ते चांगलं नाव होतं, पण आज ब्रिटनमध्ये तो शब्द असभ्य आहे आणि अमेरिकेत वेगळ्या अर्थानं अवघड आहे. फ्रॅन किंवा फ्रँकी चालतं.

सॅम, अ‍ॅलेक्स, क्रिस, चार्ली, फ्रँकी ही पुरुषांचीही नावं आहेत. ईमेलला उत्तर देताना ‘डिअर सर’ लिहून मोकळे होऊ नका, नाव लिहा. ‘जो’ या नावाच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ अक्षर नसेल तर बहुधा बाई, असेल तर बहुधा पुरुष. ‘बहुधा’ म्हणतेय.

कॅथरीन ‘के’नं की ‘सी’नं, शेवटी ‘आयएनई’ की ‘वायएन’, हे दर वेळी विचारून घ्या. औषधाच्या चिठ्ठीवर एक अक्षर चुकलं तर रुग्णाला पुन्हा खेटा पडतो. बेथमधला ‘थ’ जीभ दातांमध्ये आणून हलका काढा. आपला जोरकस ‘थ’ त्यांना ‘ट’ ऐकू येतो आणि बेथची बेट होते.

६. आता तुमचं स्वतःचं नाव

माझ्यासारखं तुमचं नाव ज्ञानदा असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण ‘ज्ञ’ रोमनमध्ये डी-एन-वाय असा लिहितो. उत्तरेतले लोक जी-वाय लिहितात, त्यामुळे भारतीय सहकारीसुद्धा अडतात. इंग्रज माणूस तर ‘डिनायनाडा’पाशी येऊन थांबतो आणि मग नाव घेणंच टाळतो. वर्षभर मला कुणी नावानं हाकच मारली नाही. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

नाव छोटं केलंच पाहिजे असं नाही. नेहा, मीरा, स्वाती, रेवती यांना हात लावायचं कारण नाही. मोठं नावसुद्धा तीनदा सावकाश सांगितलं तर बहुतेक लोक शिकतात. पण छोटं करायचं ठरवलंत तर ते तुम्ही ठरवा, समोरच्यानं सोयीसाठी केलेलं तोडकं रूप मुकाट्यानं घेऊ नका. आणि ठरवण्याआधी चार कसोट्या लावा.

अर्थ तपासा. दीप्तीची ‘डिप’ झाली तर ती चटणीसारखी बुडवून खायची गोष्ट होते. पुष्पाची ‘पुश’ म्हणजे ढकल. अश्विनीची ‘अ‍ॅश’ म्हणजे राख, आणि ते पुरुषाचंही नाव. पल्लवीची ‘पॅल’ म्हणजे मैत्रीण, ते गोड आहे. शीतल असाल तर स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ घाला. एक ‘आय’ घातला तर पहिली चार अक्षरं शिवी होतात, आणि शाळेतल्या पोरांना ती लगेच दिसतात. पासपोर्टवर ‘आय’च असेल तर निदान रोजच्या वापरात बदला.

दुसऱ्या भाषाही तपासा. मी आधी ‘नादा’ घेतलं होतं, नावाचा मागचा तुकडा. आठवड्याभरात एका स्पॅनिश सहकारिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘काही नाही’. अरबीत तेच मुलीचं नाव आहे, अर्थ दव. सर्बियनमध्ये आशा. पण माझ्या दवाखान्यात स्पॅनिश लोक बरेच येत, म्हणून सोडलं.

बाई की पुरुष हे पाहा. राजश्रीनं ‘राज’ घेतलं की ईमेलवर तिला ‘मिस्टर’ म्हणून उत्तरं येतात. संपदाची ‘सॅम’ चालते, पण तोच घोळ.

आणि चौथी कसोटी, मला सगळ्यात जवळची: घरच्यांना ते नाव ओळखू आलं पाहिजे. मधुरानं ‘मॅडी’ घेतलं तर लोक तिला मॅडिसन किंवा मॅडलिन समजतात. मग खरं नाव सांगायची वेळच येत नाही. त्यापेक्षा नावाच्या आतलाच सुंदर तुकडा शोधा. मृण्मयीत ‘मयी’ आहे, क्षितिजात ‘तिजा’ आहे. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची लहानगी लेक मनोरमा होती. पत्रव्यवहारात तिचा उल्लेख ‘मनो’ असा येतो. इंग्रजांनाही म्हणता येईल आणि मराठी माणसालाही पटेल असं ते नाव आहे. माझ्या आजीची हाक होती ‘ज्ञानू’. त्याच्या रोमन स्पेलिंगमधला ‘डी’ वगळून मी ‘न्याना’ केलं. एन, वाय, ए, एन, ए. आजी असती तर तिनं ओ दिली असती.

७. छोटं नाव कुठे चालतं, कुठे नाही

ईमेलची सही, ऑफिसचा बिल्ला, टीम्सवरचं नाव, शेजाऱ्यांशी ओळख: खुशाल वापरा. डॉक्टर, शाळा, बऱ्याच नोकऱ्यांच्या फॉर्मवर ‘नोन अ‍ॅज’ किंवा ‘प्रिफर्ड नेम’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका, तो याच कामासाठी आहे. बायोडेटावर पूर्ण नाव लिहून मध्ये कंसात छोटं लिहिण्याची पद्धत आहे.

विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टप्रमाणेच काढा. कुणी प्रेमानं ‘केटी’ नावानं तिकीट काढलं आणि पासपोर्ट कॅथरीनचा असला तर विमानतळावर अडचण येते. व्हिसा, बँक, पगार, कर, भाडेकरार इथेही पूर्ण नावच. अमेरिकेत पगाराचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी जुळायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांसोबत किंवा रुग्णांसोबत काम असेल तर बहुधा डीबीएस तपासणी होते, म्हणजे आधी काही गुन्हा नोंदलेला आहे का ते पाहतात. त्यात आजवर वापरलेली इतर नावं विचारतात. लग्नाआधीचं नाव तिथे विसरू नका.

नुसतं छोटं नाव वापरायला कुठलाही कागद लागत नाही. ते सरकारी कागदांवर आपलं नाव करायचं असेल तरच ब्रिटनमध्ये बहुधा डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा दस्त, करावा लागतो, आणि मग भारतीय पासपोर्टपासून सगळं बदलत बसावं लागतं. माझा सल्ला: त्या वाटेला जाऊ नका.

मराठी लोकांच्या दोन खास अडचणी. पासपोर्टवर आपल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, म्हणून दवाखान्यात दोन्ही मिळून हाक येते. पहिल्याच भेटीत सांगून ‘नोन अ‍ॅज’मध्ये नीट करून घ्या. दुसरी: पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. प्रवासाआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

८. पहिल्या दिवशीच सांगा, चुकलं तर लगेच सांगा

ओळख करून देताना हे वाक्य घोटून ठेवा: ‘माझं नाव ज्ञानदा, पण मला न्याना म्हटलेलं चालेल.’ आधी पूर्ण, मग छोटं, याच क्रमानं. पूर्ण नाव एकदा तरी हवेत जाऊ द्या.

कुणी तिसरंच रूप काढलं तर त्याच क्षणी, हसून, ‘न्याना’ एवढंच म्हणा. कारण देत बसू नका. दोन महिने गप्प राहिलात तर ते रूप चिकटतं, आणि मग सांगायला संकोच वाटतो. माझ्याबरोबरची सुषमा तीन वर्षं ‘सू’ राहिली, मनात नसताना. शेवटी नवीन नोकरी धरली त्या दिवशी तिनं बिल्ला बनवणाऱ्या मुलीला पूर्ण नाव लिहून दिलं, स्पेलिंग वाचून दाखवलं, आणि जोर कुठे द्यायचा तेही म्हणून दाखवलं.